किरकोळ सामान, एका खोलीचं

त्यांचं खरं नाव फक्त कोर्टाच्या कागदांवर होतं. एरवी वकिलांच्या कचेऱ्यांत, जुन्या बाजारात, आणि नुकतंच माणूस गेलेल्या घरांतसुद्धा सगळे त्यांना भावजी म्हणत. भाव सांगतात म्हणून भावजी. बायको म्हणायची, "सगळ्या जगाचे भावजी झालात. मला मेलीला मात्र भावजी म्हणून हाक मारायला एक दीर नाही." भावजी एकुलते एक होते, त्याला ते बिचारे काय करणार!

काम म्हणाल तर असं. माणूस जातो, मागे मृत्युपत्र राहतं. त्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब व्हायचं तर घरातल्या चीजवस्तूंना कोणीतरी किंमत लावून द्यावी लागते. खाटा, कपाटं, भांडीकुंडी, गाद्या, घड्याळं, सगळं. तो कोणीतरी म्हणजे भावजी. लोकांना वाटतं, मेलेल्याच्या घरात टेप घेऊन फिरणारा माणूस दगडाच्या काळजाचा असणार. छे हो! भावजी इतके मऊ होते, की त्या मऊपणाला आवर घालण्यासाठी त्यांना नियम करून घ्यावा लागला होता.

नियम एवढाच, की आधी आकडा, मग गोष्ट. घरात शिरलं की कोणाशी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. खुर्ची उलटी करून सांधे बघायचे, बशीच्या कडेला नखानं टिचकी मारून तडा ऐकायचा, पितळेला लोहचुंबक लावायचा, ड्रॉवर खालून वर उघडत जायचे. परक्या माणसानं त्या दिवशी, त्या अवस्थेत त्या वस्तूला काय दिलं असतं, ते लिहायचं. वस्तूवर नंबराचा स्टिकर चिकटवायचा आणि पुढे सरकायचं. सगळं आटोपलं की मग चहा घेत ऐकायच्या त्या आठवणी. कारण धंद्याच्या सुरुवातीला एका म्हातारीनं एका फुटक्या फुलदाणीची गोष्ट आधी सांगितली होती, आणि भावजींनी त्या फुलदाणीला असा काही भाव लावला होता की वकिलांच्या कचेरीत पुढे वर्षभर हसत होते सगळे. तेव्हापासून कानाला खडा!

त्या नियमावर त्यांनी उभा जन्म काढला. घर बघूनच ओळखायचे, इथे कोण झोपत होतं, कोणाचा कोणावर राग होता, कोण शेवटी शेवटी खुर्चीतच बसून राहायचं. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि का नसावा? पण त्याच नियमानं एकदा घात केला. एका जिवंत बाईची अख्खी खोली भावजींनी मेलेल्या माणसाच्या नावावर लिहून टाकली. त्याची ही गोष्ट.

घर एका निवृत्त इंजिनियरचं. बायको आधीच गेलेली, मुलगा एकच, तोही दुसऱ्या शहरात नोकरीला. मृत्युपत्र जुनं आणि अगदी सुटसुटीत होतं. घर आणि घरातल्या सर्व वस्तू मुलाला. भावजी तिथे गेले तेव्हा मुलगा बाहेरच्या खोलीत फोनवर होता. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाईनं. तिनं न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं. कपाटाखाली बघायचं तर टॉर्च धरून बसली. मुलानं मध्येच हाक मारली, "आत्या, यांना जरा चहा टाकशील?" तेव्हा भावजींना कळलं, ही गेलेल्या माणसाची बहीण. भाऊ गेला, मदतीला आली असेल, असं त्यांनी धरून चाललं. विचारलं नाही. विचारायचं नाही, हाच तर नियम!

स्वयंपाकघर झालं, हॉल झाला, गेलेल्याची झोपायची खोली झाली. शेवटी मागच्या दाराजवळची छोटी खोली. भावजी उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी खोली एका नजरेत वाचली. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नाही. कपाट उघडलं तर आत नुसते हँगर. टेबलावर चष्मा नाही, कागद नाही, औषधाची बाटली नाही. पडदे नुकतेच धुतलेले. खाटेखाली एक भरलेली प्रवासाची बॅग. पाहुण्यांची खोली, दुसरं काय?

भिंतीवर लंबकाचं एक घड्याळ होतं, ते मात्र चांगलं निघालं. त्याला स्वतंत्र स्टिकर मिळाला आणि बऱ्यापैकी भाव. बाकी खोलीत काही दम नव्हता. लोखंडी खाट, आरशाचं कपाट, आरशाला कोपऱ्यात डाग, एक खुर्ची, मागच्या कडेला ओळीनं भोकं पडलेलं एक जुनं टेबल. या धंद्यात ज्याला वेगळा भाव येत नाही ते सगळं एका ओळीत घालतात. भावजींनी लिहिलं, 'किरकोळ सामान, एका खोलीचं', आणि एकच स्टिकर दाराच्या चौकटीवर लावला. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. स्टिकर लावता यावा म्हणून ती थोडी बाजूला सरकली.

भावजींनी तो चहा घेतला, मुलाशी दोन शब्द बोलले आणि निघाले. अहवाल गेला, कोर्टात मंजूर झाला. सगळं कसं रीतसर!

आता भावजींच्या घरची एक पद्धत होती. प्रत्येक कामानंतर ते बायकोला ते घर सांगायचे. ती भाजी निवडत बसायची आणि हे खोलीमागून खोली तिला फिरवून आणायचे. तिनं त्यातलं एकही घर पाहिलेलं नव्हतं, पण कितीतरी घरं तिला तोंडपाठ होती. या वेळी मात्र ती आजारी बहिणीकडे जाऊन राहिलेली. परतली तोवर अहवाल कधीच जाऊन पोचला होता. संध्याकाळी ती शेंगा सोलायला बसली आणि म्हणाली, "हं, सांगा आता. मी नसताना कोणाकोणाच्या घरात डोकावलात?"

भावजींनी इंजिनियरचं घर सांगायला घेतलं. आत्याचंही सांगितलं. "फार हुशार बाई. स्वयंपाकघरातला दिवा लागेना, तर तिनं अंधारात न बघता भिंतीवर बरोबर एका जागी बुक्की मारली. लागला!"

बायकोचे हात थांबले. "न बघता?"

"न बघता."

"मग ती मदतीला आलेली नाही हो. ती तिथलीच आहे. अशी बुक्की चार दिवसांच्या पाहुण्याला जमत नाही." मग तिनं विचारलं, "ती झोपायची कुठे?"

भावजींनी मनातल्या मनात खोल्या मोजल्या. घरात झोपण्यासारख्या खोल्या दोनच होत्या. एक गेलेल्याची. दुसरीच्या चौकटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं स्टिकर लावला होता, आणि लावताना ती बाई बाजूला सरकली होती. ते बाजूला सरकणं त्यांना आता आठवलं. "अगं, मी तिची खोली गेलेल्याच्या नावावर लिहून टाकली," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत ते हे प्रकरण बघणाऱ्या वकीलबाईंच्या दारात हजर. वकीलबाई म्हणजे फटकळ काम. ऐकून घेतलं आणि कडाडल्याच. "भावजी, तुमचा कागद मी डोळे मिटून कोर्टात देते. आता न्यायाधीशांना काय सांगू, की आमच्या माणसाला घरचं माणूस आणि पाहुणा यातला फरक कळला नाही?"

"सांगा तसंच. लिहूनही देतो."

"तुम्ही लिहून काय होणार? कायदा काय म्हणतो? छताखाली जे सापडलं ते गेलेल्या मालकाचं, जोवर कोणी पुढे येऊन 'हे माझं' म्हणत नाही. तुम्ही म्हणून चालत नाही, मी म्हणून चालत नाही. त्या बाईनं स्वतः वारसासमोर म्हणायला हवं. तिनं म्हटलं, त्यानं मान्य केलं, की मी दुरुस्ती करून घेते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि करायचं तर आजच. त्या मुलानं सगळं सामान उक्तं विकलंय. उद्या सकाळी दुकानदार टेम्पो घेऊन येतोय. एकदा का ते जुन्या बाजारात गेलं, की बसा शोधत."

भावजी तिथून थेट त्या घरी गेले. मुलगा बँकेत गेला होता. आत्या एकटीच होती, हॉलमध्ये वर्तमानपत्रांत काचेची भांडी गुंडाळत. भावजींनी नियम गुंडाळून ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "आत्याबाई, मागची खोली तुमची आहे ना?"

ती हसली. "बसा आधी. चहा टाकते."

"चहा नको. तुमची आहे ना?"

"मी झोपते तिथे," ती म्हणाली. "नोकरी लागली तेव्हापासून."

"मग मी आलो त्या दिवशी खोलीत तुमचं काहीच कसं नव्हतं?"

"भाचा म्हणाला, कोर्टाचा माणूस येणार आहे, खोली आवरून ठेव. मी आवरली." ती काच गुंडाळत राहिली. "नीट आवरली होती ना?"

भावजी खाली बसले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला माफ करा. मी बघितलंच नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं सगळी नोकरी काढली. आता थोडी पेन्शन होती. एक्स्चेंजमधल्याच एका मैत्रिणीच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी पडली होती, अगदी रिकामी, नुसत्या चार भिंती. दादा गेल्यावर मैत्रीण म्हणाली, एक तारखेपासून ये. भाडं पेन्शनमधून निघत होतं. "मी मापंसुद्धा घेऊन आले होते," आत्या म्हणाली. "तुमच्यासारखी टेप नाही माझ्याकडे. सुतळीला गाठी मारून. खाट खिडकीखाली बसत होती, कपाट दारामागे, टेबल समोर. सगळं मावत होतं."

"मग?"

"मग यादी झाली. नवं घ्यायला काही जमायचं नाही मला. मैत्रिणीला नाही कळवलं. भाचा म्हणतो, आमच्याकडे ये. चांगला आहे हो तो, मनापासून बोलावतोय. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याची खाट होते म्हणे." तिनं पुढचा पेला उचलला. "सकाळी परत सोफा."

भावजी म्हणाले, "उद्या त्याच्यासमोर एवढंच म्हणा, की खोलीतलं सामान माझं आहे. पुढचं सगळं मी बघतो."

"नाही हो जमायचं."

"का नाही?"

"मी या घरात कधी माझं-तुझं केलं नाही. वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, हे घर आपलंच समजा. समजत आले मी. आता दादा गेला म्हणून त्याच्या मुलासमोर खाटेवर हक्क सांगू? म्हणतील, म्हातारी खाटेसाठी भांडली." तिनं गुंडाळलेला पेला खोक्यात ठेवला. "जाऊ द्या. तुम्ही आलात, विचारलंत, बरं वाटलं."

भावजी घरी आले ते पाय ओढत. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं म्हणायला सांगितलंत, तिथेच चुकलात. जिनं जन्मात तो शब्द काढला नाही, ती चार लोकांत कशी काढेल? तुम्ही भाव सांगणारी माणसं. 'कोणाचं' विचारता. 'कुठून आलं' ते विचारा."

दुसऱ्या दिवशी भावजी पोचले तेव्हा टेम्पो दारात लागलेला होता. दुकानदार ओळखीचा निघाला. "काय भावजी, स्वतः राखणीला?" म्हणून त्यानं टाळीसाठी हात पुढे केला. भावजींनी तो हात धरला आणि सोडलाच नाही. "मागच्या खोलीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "माझी चूक झालीय."

पण मागचं दार जवळ, म्हणून हमालांनी सुरुवातच तिथून केली होती. खाट उभी करून भिंतीला लावलेली. टेबल दोघांनी उचललेलं. भाचा यादी हातात घेऊन उभा होता आणि आत्या पॅसेजमध्ये, कोणाच्या वाटेत येऊ नये अशी, भिंतीला चिकटून.

"थांबा," भावजी म्हणाले. "या खोलीतलं सामान तुमच्या वडिलांचं नाही. माझ्या यादीत ते चुकून आलंय."

भाच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यादीवर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. आणि चूकही माझीच. ही खोली तुमच्या आत्याची आहे."

"अहो, आत्याची खोली आहे हे मला काय माहीत नाही? पण सामान घरातलं आहे. मी लहानपणापासून बघतोय. आणि मी आत्याला विचारलं होतं, तुला यातलं काही हवंय का? ती म्हणाली, काही नको." तो वळला. "आत्या, म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते," आत्या म्हणाली. "घे रे तू. दादाचंच आहे सगळं."

झालं! संपलं! हमालांनी टेबल पुन्हा उचललं. कायद्यानं आता भावजींना एक शब्द बोलायची सोय नव्हती. दुकानदार खाली बघत होता. भाचाही वाईट नव्हता हो. घाईत होता, दमला होता, वडील गमावले होते त्यानं. या घरात दुष्ट असं कोणीच नव्हतं, आणि तरी बाईची खाट चालली होती.

तेवढ्यात भावजी आत्याकडे वळले. "आत्याबाई, आज मी भाव लावायला आलो नाही. ते टेबल मी पाहिलं, भोकं पडलेलं. मला एवढंच सांगा, त्याला भोकं कशानं पडली?"

आत्या दचकलीच. "पडली नाहीत," ती म्हणाली. "पाडलेली आहेत. त्यातून वायरी जायच्या."

"कसल्या वायरी?"

"एक्स्चेंजच्या. ते माझं बसायचं टेबल." ती भिंतीपासून सुटून पुढे आली. हमालांनी न सांगता टेबल खाली ठेवलं. "पुढे फोन आपोआप जोडले जायला लागले, मग आम्हा बायकांची टेबलं काढून टाकली. अंगणात ढीग करून विकत होते. मी माझं शोधून काढलं. इथे बघा, डाव्या बाजूला लाकूड झिजलंय, इथे कोपर असायचं माझं. रात्रपाळीला झोप यायची, मग कोपरावर हनुवटी टेकायची, आणि कोणाचा तरी फोन आला की उठायचं. कोणाला मुलगा व्हायचा, कोणाचं कोणी जायचं. सगळं आधी माझ्या कानातून जायचं. वहिनी म्हणाली, हे धूड कशाला आणलंत? दादा काही बोलला नाही. हमालाबरोबर दुसरं टोक धरून त्यानंच आत आणलं."

"आणि कपाट?"

"मला बढती मिळाली तेव्हाचं. आरसा हवा होता मला, पूर्ण उंचीचा. आम्हाला कोणी बघायचं नाही ना, नुसता आवाज ऐकायचे. म्हटलं, आपण तरी बघू या आपल्याला." ती ओशाळून हसली. "डाग नंतर पडला."

"खाट?"

"खाट एक्स्चेंजमागच्या सुताराकडून... नाही, लोखंडी ना ती, वेल्डिंगवाल्याकडून. माझी उंची जास्त, बाजारातल्या खाटेत पाय बाहेर यायचे. मापानं करून घेतली." तेवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. "घड्याळ मात्र दादाचं हं. त्याच्या कचेरीनं दिलेलं. टोल्यांनी वहिनीची झोप मोडायची म्हणून माझ्या खोलीत टांगलं. ते न्या तुम्ही."

अख्ख्या खोलीत भाव येण्यासारखी एकच वस्तू होती, आणि तीच तिनं स्वतःहून उचलून दिली होती. याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टात मिळतो? दुकानदारानं घड्याळाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, आणि हमालांना हातानंच बाहेर जायची खूण केली.

भाचा टेबलाजवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं एका भोकात बोट घातलं. "यात मी पेन्सिली उभ्या करायचो," तो म्हणाला. "सगळा अभ्यास मी या टेबलावर केला, आत्या. मला वाटायचं, बाबांच्या कारखान्यातलं आहे." "आणखी काय काय आहे तुझं या घरात?"

आत्यानं पॅसेजमधून हॉलकडे पाहिलं. जेवणाचं टेबल, त्याच्या सहा खुर्च्या, फ्रीज, पुस्तकांची काचेची कपाटं. बराच वेळ पाहत राहिली. भाच्याची नजरही एकेका वस्तूवरून फिरली आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"बाहेरचं दिलेलं आहे," ती म्हणाली. "दिलेलं परत घ्यायचं नसतं. ते तुझं." मग ती खोलीच्या दाराशी गेली. चौकटीवरचा स्टिकर तिनं नखानं खरवडायला घेतला. चांगला घट्ट बसला होता तो, भावजींचे स्टिकर असे सहज निघत नसत. एक कोपरा सुटला, मग दुसरा. सगळे उभे होते, मदतीला कोणी पुढे आलं नाही, आणि ते बरंच झालं. स्टिकर निघाला. तो तिनं भावजींच्या हातात दिला आणि भाच्याकडे वळून म्हणाली, "हे माझं आहे."

एवढं बोलून तिनं हात पाठीमागे घेतले.

"आहेच ग," भाचा म्हणाला. "पण एवढं सामान घेऊन तू राहणार कुठे? आमच्याकडे तर..."

तिनं मैत्रिणीची खोली सांगितली. खिडकी सांगितली, सुतळीच्या गाठी सांगितल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आमच्याकडे येणार नाहीस?"

"येईन की," आत्या म्हणाली. "पाहुणी म्हणून येईन. चार दिवस सोफ्यावर झोपेन, तुझ्या पोरांना बिघडवेन, आणि घरी जाईन."

टेम्पो त्या दिवशी बाकीच्या घराचं सामान आणि घड्याळ घेऊन गेला. भावजींनी दुरुस्तीचा कागद लिहून दिला, त्यात 'चूक सर्वस्वी माझी' असं स्वच्छ अक्षरात. वकीलबाईंनी दुरुस्ती करून घेतली, चार शब्द ऐकवले, आणि पुढचे काही महिने त्यांना काम पाठवलं नाही. भावजींना ते लागलं, नाही असं नाही. पण तेव्हापासून ते कोणत्याही घरी गेले, की टेप काढायच्या आधी दारातच विचारत, "या घरात आता कोण राहतं? आणि ते झोपतात कुठे?" लोकांना तो प्रश्न चमत्कारिक वाटे. भावजी उत्तर मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. गोष्ट मात्र अजूनही आकड्यानंतरच ऐकत.

पावसाळा सरल्यावर कधीतरी आत्याचा निरोप आला, की बायकोला घेऊन चहाला या. दोघं गेली. अरुंद जिना, वरती एकच खोली. आत्यानं दार उघडलं आणि "या, या" म्हणत गॅसकडे धावली, कारण दूध वर आलं होतं.

भावजी उंबऱ्यात उभे राहिले. जुनी सवय, नजर आपोआप फिरली. खाट खिडकीखाली होती. चादर अर्धी खाली लोंबत होती, उशी आडवी पडलेली, त्यावर उघडं पुस्तक पालथं घातलेलं. चपला खोलीच्या मध्यभागी, एक इकडे, एक तिकडे. रेडिओ चालू होता. टेबलाच्या भोकांत पेन, कात्री, विणकामाच्या सुया उभ्या होत्या, आणि कपाटाच्या डाग पडलेल्या आरशाच्या कडेला एक कंगवा, दातांत पांढरे केस अडकलेला.

"बाई ग, आवरायचं राहूनच गेलं बघा," आत्या म्हणाली आणि लगबगीनं चादरीला हात घालायला आली. "तुम्ही काय म्हणाल!"

भावजींनी तिला हातानं थांबवलं. बायको जाऊन खुर्चीवर बसली.

"राहू द्या," भावजी म्हणाले. "आत्याबाई, तसंच राहू द्या."